विश्लेषण : बिघाड लातूरला, जाणकार नांदेडला, नेट मंद असताना संगणक दुरून कसा दुरुस्त करायचा?

लातूरच्या उद्योग भवन परिसरात जशी शिकवणी वर्गांची गर्दी, तशीच त्या मुलांचे अर्ज भरून देणाऱ्या ऑनलाइन सेंटरांची. समजा, अशाच एका सेंटरवर शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी संगणक सुरू झाला, पण अर्जाचे संकेतस्थळ काही उघडेना. समोर आधार कार्ड आणि जातीचा दाखला हातात धरून मुले उभी आहेत. सेंटर चालवणाऱ्या तरुणाचा संगणकातला जाणकार मित्र नांदेडला नोकरीला. मध्ये लोहा आणि अहमदपूर धरून जवळपास १४० किलोमीटरचा रस्ता. एसटीने येतो म्हटले तरी दुपार होणार. सेंटरचे नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही एका काडीवर. फोनवरचे बोलणे साधारण असे होते :

‘‘अरे, साइटच उघडेना गेलीय. रिमोट घे की लवकर.’’

‘‘रिमोट राहू दे. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसायलीय, तेवढं बघ.’’

‘‘एक जानेवारी... दोन हजार अठरा?’’

‘‘झालं मग. आतला सेल गेलाय. तारीख बदल, साइट उघडंल.’’

दोन मिनिटांत काम झाले. स्क्रीन शेअर करावी लागली नाही, ॲप डाउनलोड करावे लागले नाही. जेवढा डेटा लागला, तो फक्त साइट पुन्हा उघडायला. मंद इंटरनेटवर दुरून संगणक दुरुस्त करण्याचे मर्म या चार वाक्यांत आहे. स्क्रीन पाठवणे सगळ्यात महाग असते आणि नेमका प्रश्न विचारणे सगळ्यात स्वस्त. तरीही बहुतेक जण सुरुवात महागड्या बाजूने करतात. त्यात वेळ जातो आणि कधी कधी बँकेतले पैसेही जातात.

तारीख चुकली तर संकेतस्थळ का उघडत नाही?

टेबलावरच्या संगणकात मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो. ‘सीआर २०३२’ हे त्याचे नाव. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. वीज नसताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे या ३ व्होल्टच्या सेलचे काम. काही वर्षांनी तो उतरतो. बोर्डाचे बटण बंद झाले किंवा रात्रभर लाइट गेली की घड्याळ थांबते आणि संगणक कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतो.

सुरक्षित संकेतस्थळाकडे स्वतःची ओळख पटवणारे एक डिजिटल प्रमाणपत्र असते. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत लिहिलेली असते. १ सप्टेंबर २०२० पासून ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांची करण्यात आली आणि आता ती टप्प्याटप्प्याने आणखी कमी केली जात आहे. ब्राउझर ही मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१८ दाखवत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नसते. मग तो ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा देऊन दार लावून घेतो.

नेट चालू असले तर विंडोज वेळ आपोआप जुळवते. मात्र फरक फार मोठा असला की ही जुळणी अनेकदा होत नाही आणि तारीख हाताने बदलावी लागते. घड्याळावर माउसचे उजवे बटण दाबून तारीख-वेळेची सेटिंग उघडता येते. हा उपाय त्या दिवसापुरता. सेल बदलेपर्यंत रोज सकाळी तेच होणार. इशारा दिसत असताना ‘तरीही पुढे जा’ दाबण्याचा सल्ला काही जण देतात. बँकेच्या किंवा सरकारी अर्जाच्या संकेतस्थळावर तो कधीच पाळू नये. खरे संकेतस्थळ कोणते आणि बनावट कोणते, हे ओळखण्याची सोय तिथेच संपते.

मंद नेटवर स्क्रीन पाठवणे एवढे जड का?

जुन्या संगणकाचा साधा मॉनिटर १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर एका स्थिर चित्राचे अडीच कोटी बिट होतात. १ एमबीपीएस वेगाने सेकंदाला दहा लाख बिट जातात. म्हणजे काहीही न दाबता एक चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर २५ सेकंद लागतील.

रिमोटची ॲप चालतात, कारण ती चित्र जसेच्या तसे पाठवत नाहीत. आधी ते दाबून लहान करतात आणि नंतर स्क्रीनचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतात. नोटपॅडमध्ये एक अक्षर टाइप केले तर बदल नखाएवढा. पण मोठे छायाचित्र असलेले पान वरखाली केले की पूर्ण स्क्रीन बदलते आणि पूर्ण स्क्रीन पुन्हा पाठवावी लागते. समोरच्याला मग चौकोन-चौकोन दिसतात, माउस अडकतो. तो वैतागून पुन्हा क्लिक करतो आणि साचलेले सगळे क्लिक नंतर एकदम लागू होतात. नको ती खिडकी बंद होते ती अशी.

इथे एक गफलत नेहमी होते. कंपन्या वेग सांगतात तो बिटमध्ये आणि फाइलचा आकार असतो बाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. त्यामुळे २ एमबीपीएसच्या जोडणीवर २० एमबीचे ॲप उतरवायला १० सेकंद नव्हे, तर किमान ८० सेकंद लागतात. भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग हवा, अशी व्याख्या २०२३ मध्ये करण्यात आली. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. कागदावरची व्याख्या बदलली, तरी गर्दीच्या वेळी एका टॉवरवर अख्खी गल्ली असते. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात तर घराच्या एका कोपऱ्यात रेंज आणि दुसऱ्यात नाही, अशी गत होते.

कुणाच्या बाजूचा वेग महत्त्वाचा?

मदत करणाऱ्याकडे फायबर आहे, मग अडचण काय, असे वाटते. पण स्क्रीन बिघडलेल्या संगणकाकडून बाहेर जाते. म्हणून कस लागतो तो त्या बाजूच्या अपलोडचा. वेग तपासणाऱ्या ॲपमध्ये लोक पहिला, मोठा आकडा बघतात. तो डाउनलोडचा असतो. मोबाइल डेटा आणि जुन्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड या दोन्हींत अपलोड त्यापेक्षा बराच कमी असतो. नांदेडच्या मित्राकडे १०० एमबीपीएस असले आणि लातूरच्या सेंटरमधून अर्धा एमबीपीएस बाहेर पडत असला, तर दोघांमधला वेग अर्धाच समजायचा.

वेगापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे विलंब. दाबलेल्या बटणाचा परिणाम दिसायला लागणारा वेळ. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबाने १४० किलोमीटरला एक मिलिसेकंदही लागत नाही. विलंब होतो तो अंतरामुळे नव्हे. टॉवरवरच्या रांगेत तो होतो. शिवाय दोन संगणकांना थेट जोडता आले नाही, तर माहिती ॲप कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येते आणि तो सर्व्हर दूरच्या शहरात किंवा परदेशातही असू शकतो. विलंब ३०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की माउस हाताला जड लागतो. अशा वेळी माउसऐवजी कीबोर्डवरची बटणे बरी. एक बटण पाठवायला अगदी थोडे बिट लागतात आणि ते चुकीच्या जागी पडत नाही.

मग सुरुवात कशाने करायची?

साध्या फोन कॉलने. व्हॉट्सॲप कॉल त्याच मंद डेटावर चालतो आणि उरलासुरला वेगही खातो. त्यातही एक अडचण आहे. ज्या मोबाइलचा हॉटस्पॉट संगणकाला दिला आहे, त्याच मोबाइलवर कॉल घेतला तर अनेकदा नेट बंद पडते. व्होल्टी सुविधा बंद असेल तर कॉलसाठी फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. ‘तुझा फोन आला की नेट जातंय’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच. बोलायला दुसरा फोन घेतला की प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी फोटोची. संगणकाचे नेट बंद असले, तरी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढता येतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते. फोटो १५० किलोबाइटचा असला, तर ५१२ केबीपीएसवरही तो दोन-तीन सेकंदांत पोहोचतो. फक्त चुकीच्या संदेशापुरता फोटो काढू नये. वरचा पत्ता आणि खालची घड्याळाची पट्टी दिसेल असा पूर्ण स्क्रीनचा काढावा. लातूरच्या त्या सेंटरने असा फोटो पाठवला असता, तर जाणकाराला तारीख विचारावीही लागली नसती.

फोनवर काय विचारायचे आणि काय सांगायचे?

‘काय झालंय?’ या प्रश्नाला ‘चालेना गेलंय’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा चार प्रश्न कामाचे. शेवटचे नीट कधी चालले? त्यानंतर काय बदलले? म्हणजे लाइट गेली, नवा प्रिंटर आला, अपडेट झाले की कुणी काही डाउनलोड केले? एकच साइट बंद आहे की सगळ्या? आणि स्क्रीनवर नेमके कोणते शब्द आहेत? हे शब्द अर्थ न सांगता, जसेच्या तसे वाचायला लावावेत. ‘काहीतरी एरर आलाय’ आणि ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ यांत अर्ध्या तासाचा फरक पडतो.

सांगण्यातही शिस्त हवी. ‘त्या गोल चिन्हावर दाब’ म्हटले की समोरचा भलतेच गोल चिन्ह दाबतो. त्यापेक्षा विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबायला सांगावे. डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडते आणि जे टाइप करायचे ते अक्षर-अक्षर सांगता येते. फोनवर बी, डी, पी सारखेच ऐकू येतात. म्हणून पी पुण्याचा, एन नांदेडचा, एल लातूरचा असे सांगावे. एका वेळी एकच पायरी सांगायची आणि ‘काय दिसतंय’ हे ऐकल्याशिवाय पुढची सांगायची नाही.

नेट आहे, पण साइट उघडत नसेल तर तपासणीची एक जुनी रीत आहे. आधीच्याच छोट्या चौकटीत सी-एम-डी टाइप करून एंटर दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे ‘पिंग’ ही आज्ञा, मग एक जागा सोडून ८.८.८.८ हा आकडा टाइप करायला सांगतात. उत्तर आले तर तार जिवंत आहे. त्यानंतर आकड्याऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव देऊन तेच करायचे. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, असे झाले तर नावाचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडकली आहे. दोन्हींना उत्तर येते आणि तरीही साइट उघडत नाही, तर तारीख, ब्राउझर किंवा खुद्द ती साइट तपासायची. शेवटच्या दिवशी अर्जाच्या साइटवर इतकी गर्दी होते, की दोष सेंटरच्या संगणकात नसतोच. तीच साइट नांदेडच्या मित्राने स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघितली, तर हे लगेच कळते.

प्रिंटरचेही तसेच. प्रिंट निघत नसेल तर बऱ्याचदा ‘प्रिंट स्पूलर’ नावाची रांग तुंबलेली असते. सेवांच्या यादीत जाऊन ती बंद करून पुन्हा सुरू करणे हे फोनवर सांगून होण्यासारखे काम आहे.

मराठी अक्षरांचा गोंधळ दुरून कसा सोडवायचा?

हा बिघाड आपल्याकडचा खास. नांदेडहून मराठी अर्जाचा मजकूर पाठवला, तो लातूरला उघडला तर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. म्हणून युनिकोडचा मजकूर मोबाइलवरही नीट दिसतो.

यासाठी स्क्रीन बघायची गरज नाही. ‘फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे?’ एवढे विचारावे. फॉन्टचे नाव कळले की त्याची छोटी फाइल पाठवता येते. फक्त वाचायचे किंवा छापायचे असेल, तर पाठवणाऱ्यानेच पीडीएफ करून पाठवावी. अर्जाच्या चौकटीत चिकटवायचे असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

स्क्रीन घ्यावीच लागली तर?

काही वेळा पर्याय नसतो. सेटिंग खोलवर असते किंवा समोरच्याला सांगितलेले सापडत नाही. अशा कामासाठी टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही जर्मनीतून आलेली ॲप, क्रोम रिमोट डेस्कटॉप, मुक्त स्रोताचे रस्टडेस्क असे पर्याय आहेत. विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ ही मायक्रोसॉफ्टचीच सोय मिळते. विंडोजच्या होम आवृत्तीत ‘रिमोट डेस्कटॉप’ने त्या संगणकात शिरता येत नाही, पण क्विक असिस्ट चालते. ॲप ऐनवेळी मंद नेटवर उतरवण्यापेक्षा नेट बरे असताना आणि कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घेऊन ठेवणे सोयीचे.

जोडणीआधी पाच मिनिटे तयारी केली तर फरक दिसतो. ब्राउझरचे जादा टॅब आणि व्हिडीओ बंद करावेत. फोटोचा वॉलपेपर काढून एकच रंग ठेवावा. फाइल परस्पर चढवणारे ड्राइव्ह थांबवावेत. हॉटस्पॉटची जोडणी विंडोजमध्ये ‘मीटर्ड’ ठरवली, की मोठी अपडेट मागच्या मागे उतरणे बहुतांशी थांबते. एनीडेस्कमध्ये चित्राच्या दर्जाऐवजी ‘बेस्ट रिॲक्शन टाइम’ आणि टीमव्ह्यूअरमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्पीड’ हा पर्याय निवडावा. आवाज पाठवणे बंद करावे, बोलणे फोनवर चालूच असते.

त्यानंतरचा नियम म्हणजे एका वेळी एकच हात. दोघांनी माउस धरला की कोण काय दाबतो आहे हे कळत नाही. एकदा क्लिक करून स्क्रीन बदलेपर्यंत थांबावे. बदल करायला प्रशासकाची परवानगी लागते, तेव्हा काही ॲपमध्ये मदत करणाऱ्याची स्क्रीन काळी होते किंवा गोठते. हा बिघाड नव्हे. त्या चौकटीला होकार संगणकासमोर बसलेल्या माणसानेच द्यावा, अशी ती सोय आहे.

दुरून काय दुरुस्त होत नाही?

जो संगणक सुरूच होत नाही, तो दुरून दिसत नाही. याचे जगभर गाजलेले उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे विंडोजचे संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने त्यांची संख्या ८५ लाख होती. विमाने खोळंबली, भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय साधा होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल काढून टाकायची. पण सुरू न होणाऱ्या यंत्रात दुरून शिरणार कसे? मोठमोठ्या कंपन्यांनाही माणसे प्रत्यक्ष संगणकापाशी पाठवावी लागली, नाहीतर फोनवर एक-एक पायरी सांगावी लागली.

हार्ड डिस्कचा टकटक आवाज, जळका वास, वारंवार आपोआप बंद होणे, ही लक्षणे असतील तर फोन ठेवून जवळचा दुरुस्ती करणारा गाठावा. डिस्क आवाज करत असताना दुरून प्रयोग करत बसले, तर उरलेली माहितीही हातची जाते.

याच ॲपमधून खाते रिकामे कसे होते?

मित्र वापरतो तेच हत्यार चोरही वापरतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. पद्धत ठरलेली आहे. केवायसी संपली, वीजबिल थकले किंवा परतावा द्यायचा आहे, असा फोन येतो. कधी माणूस स्वतःच इंटरनेटवर कस्टमर केअरचा क्रमांक शोधतो आणि तो बनावट निघतो. मग ॲप उतरवायला लावून त्यातला क्रमांक विचारला जातो. क्रमांक सांगून परवानगी दिली की मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दिसू लागते. त्यावर येणारा ओटीपीही त्यात आला. दोष ॲपचा नसतो. अनोळखी माणसाला दार उघडून दिलेले असते. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडीओ कॉलमध्येही स्क्रीन दाखवता येते. त्यामुळे आता वेगळे ॲपही लागत नाही.

खरी मदत आणि फसवणूक यांत फरक करण्याची एक साधी खूण आहे. आधी फोन कुणी केला? अडचण आपली, ओळखीच्या माणसाला फोन आपण केला आणि आवाज ओळखीचा, तर ती मदत. अडचण समोरच्यानेच सांगितली आणि उपायही त्यानेच आणला, तर फोन ठेवावा. मित्राच्या नावाने नुसता संदेश आला तरी त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करावी.

मदत चालू असताना बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप उघडू नये, ओटीपी वाचून दाखवू नये. आधी फक्त पाहण्याची परवानगी द्यावी आणि गरज पडली तरच माउस द्यावा. काम झाले की जोडणी तोडून ॲप बंद करावे. कायमचा पासवर्ड ठेवून कधीही आत येता येईल अशी सोय चालू ठेवू नये.

फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि बँकेला ताबडतोब कळवावे. इथे मिनिटांना किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेला सोसावे लागते.

सेंटरच्या संगणकात आणखी कुणाचे काय असते?

घरच्या संगणकात घरच्यांचे फोटो असतात. ऑनलाइन सेंटरच्या संगणकात गावोगावच्या लोकांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पाने आणि विद्यार्थ्यांचे पासवर्ड असतात. मित्राला स्क्रीन दाखवली की ते सगळे त्याच्याही नजरेसमोर येते. मित्र विश्वासाचा असला, तरी ज्या बाईने दाखल्यासाठी कागद दिले, तिने त्या मित्राला परवानगी दिलेली नसते. म्हणून जोडणीआधी असे फोल्डर बंद करावेत. डेस्कटॉपवर पसरलेली कागदपत्रे हलवावीत आणि काम झालेल्या ग्राहकांच्या फाइल ठेवूच नयेत. शक्य तेवढे काम फोनवर बोलून करण्याचे हेही एक कारण आहे. बोलण्यात कुणाचे आधार कार्ड दिसत नाही.

आधीच काय करून ठेवावे?

शेवटच्या तारखेच्या दिवशी शिकण्यापेक्षा काही गोष्टी मोकळ्या दिवशी उरकाव्यात. संगणकाचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती, प्रिंटरचे नाव आणि नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून तो मॉनिटरशेजारी चिकटवावा. मात्र पासवर्ड त्यावर लिहू नयेत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. बँकेचे आणि अर्जांचे काम त्यावर चालत असेल, तर पुढची सोय बघावी. हॉटस्पॉटसाठी वेगळ्या कंपनीचे एक सिम जवळ असावे. महत्त्वाच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर असावी. १९३० हा क्रमांकही त्याच कागदावर लिहून ठेवावा.

आणि घड्याळ रोज सकाळी जुन्या वर्षात जात असेल, तर तो नाण्याएवढा सेल आधी बदलून घ्यावा. संगणकाचे बटण बंद करून वायर काढायची, जुना सेल काढताना लिहिलेली बाजू कोणत्या दिशेला होती ते बघायचे आणि नवा तसाच बसवायचा. घड्याळवाल्याकडेही हा सेल मिळतो. नांदेड ते लातूर एसटीच्या तिकिटापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.